सलंगावरची ताटी

२ जून २००८, मोहटोला

सरांनी फोनवर विषय मंजूर केला. आमच्या गावचा तलाव. आर्किटेक्चरच्या वर्गातली बाकी मंडळी मॉल आणि विमानतळ करणार आहेत. मी पडले ढिवराची, मासे धरणाऱ्याची पोर, मला तलावच सुचायचा. पण थर्माकोलचं मॉडेल चालणार नाही म्हणाले. कंप्युटरवर थ्रीडीत करायचं, आणि त्यातलं पाणी वाहताना दिसलं पाहिजे. त्यासाठी ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर आहे. ते कॉलेजात कोणालाच येत नाही, सरांनाही नाही. "नेटवर व्हिडिओ असतात, बघून शीक. सप्टेंबरात ज्यूरी आहे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. तोवर गावीच राहून काम करायचंय.

धाकधूक आहे. मागच्या ज्यूरीत परीक्षकांसमोर माझ्या मॉडेलमधलं दार माणसापेक्षा बुटकं निघालं आणि अख्खा वर्ग हसला. नागपूरच्या पोरी तर आठवडाभर दारातून वाकून आत येत होत्या. तेव्हापासून मी एक ठरवलंय. काही विचित्र दिसलं की आधी आपलंच चुकलं असं समजायचं, म्हणजे हसं होत नाही.

५ जून

तालुक्याला, मूलला गेले. एसटी स्टँडसमोर खुशालभाऊचं नेट कॅफे आहे. तीन कंप्युटर, त्यातला एक फक्त खुशालभाऊंच्या पत्त्यांच्या खेळासाठी. माझं काम ऐकून त्यांनी कोपऱ्यातलं मशीन मला देऊन टाकलं. म्हणाले, "शिक बाई, मंग मलेई शिकव."

व्हिडिओत एक गोरा माणूस ग्लासात पाणी ओततो. तो एक वाक्य बोलतो, मग गोल चक्र फिरत बसतं, मग दुसरं वाक्य. तोवर मी वहीत लिहून घेते. पाण्याला एक मोठी पेटी द्यायची, तिला डोमेन म्हणतात. पाणी ज्याला अडलं पाहिजे त्या प्रत्येक वस्तूला सांगावं लागतं की तू अडथळा आहेस. नाही सांगितलं तर पाणी तिच्यातून आरपार जातं. सगळं झालं की 'बेक' दाबायचं आणि भाकर भाजायला ठेवल्यासारखं बसून राहायचं.

माझं पाणी ग्लासाच्या बुडातून खाली गेलं. ग्लासाला सांगायचं विसरले होते.

११ जून

आज मापं घेतली. गवंड्याकडून लेव्हलची पारदर्शक नळी आणली. तिच्यात पाणी भरलं की दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर उभं राहतं, म्हणजे कुठली जागा उंच नि कुठली खोल ते कळतं. एक टोक बाबांच्या हातात, दुसरं माझ्या. तलाव आत्ता तळाला गेलाय, त्यामुळे फिरणं सोपं.

आमच्या तलावाला उत्तरेकडून जंगलातलं पाणी येतं आणि दक्षिणेला मातीची लांब पाळ आहे. पाळीच्या पूर्वेच्या टोकाला सलंग आहे. तलाव भरला की जास्तीचं पाणी तिथून निघून नाल्याला मिळतं. आणि पाळीच्या खाली, अगदी पायथ्याशी, आमचा ढिवर मोहल्ला. जाळी घेऊन चार पावलांत तलावावर जाता यावं म्हणून वाडवडलांनी तिथे घरं बांधली.

सगळ्यात खाली मोठी आईचं घर. भागीरथा तिचं नाव, माझ्या मोठ्या बाबांची, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. ते वारले, लेकरू नाही. मला लहानपणी तिनंच वाढवलं, कारण आई धानाच्या रोवणीला जायची. नळी तिच्या घरापर्यंत आणली आणि मला हसू आलं. तलाव भरला की पाणी तिच्या छपराच्याही वर असतं. मी तिला म्हटलं, "मोठी आई, तू झोपतं तवा रोहू तुह्या डोक्यावरून पोहते."

ती म्हणाली, "म्हून तं मले झोप लागत नाई वो."

तिच्या घरामागे पाळ जरा बसकी आहे. मोहल्ल्यातले सगळे तिथूनच चढतात उतरतात, डोक्यावर जाळं, पिढ्यान् पिढ्या. पायांनी पाळ झिजून एक खाच पडली आहे. नळीत हातभर फरक आला. बाबा म्हणाले, "रस्ताच हाये तो, लिही काई बी." मी जे आलं तेच लिहिलं.

१९ जून

जमीन झाली. म्हणजे स्क्रीनवरची. पाळ, घरं, शाळेचं टेकाड, नाला, सगळं करड्या रंगाचं, अजून झाडं नाहीत. मोठी आईचं घर केलं तेव्हा तिचं वांग्याचं परसही केलं, कोणाला दिसणार नाही तरी.

अडलं की विचारायला एक फोरम आहे. तिथे ऑटर४७ नावाचा कोणी आहे, तो माझ्या मोडक्या इंग्रजीला नेहमी उत्तर देतो. ऑटर म्हणजे पाणमांजर, जाळ्यातले मासे चोरणारा. धंद्याने आमचा वैरी, पण माणूस भला दिसतो. बाई आहे की बुवा तेही ठाऊक नाही.

२८ जून

तलाव भरत चाललाय. सोसायटीनं मासोळीचं बी आणलं, चामोर्शीकडचा बंगाली टेम्पोत पिशव्या घेऊन आला. दर वर्षी बोटाएवढी पिल्लं असतात. यंदा ती मिळाली नाहीत, जिऱ्यासारखं बारीक बी मिळालं. बापूजी, म्हणजे आमच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष, पिशवीत बघत म्हणाले, "हे तं ताटीतून सरसर निघून जाईन."

सलंगावर दर पावसाळ्यात बांबूची ताटी लावतात. पाणी जातं, मासे राहतात. पण यंदाचं बी बांबूच्या फटीतून जाणार. मग बाबांनी मला काम सांगितलं, "तू मूलले जातच हायेस, तं मच्छरदाणीवाली हिरवी जाळी घेऊन ये. बारीक पाह्यजो."

मी कंप्युटरवर बसून असते, घरच्या कामाला हात नाही, असं आई दोनदा बोलून गेली होती. मी खुशीनं हो म्हटलं.

४ जुलै

मी दुकानातली सगळ्यात बारीक जाळी आणली. बाबांनी तिच्यातून बोट घालून बघितलं, जाईना, तेव्हा खूश झाले. आज सलंगावर नारळ फोडला, बांबूची ताटी उभी केली आणि तिला माझी जाळी दुहेरी बांधली. हिरवीगार दिसत होती.

ताटीचा नियम आहे. एकदा लागली की पोळ्यापर्यंत कोणी हात लावायचा नाही. ज्यानं ताटी काढली त्याचा त्या वर्षीच्या मासोळीतला वाटा गेला, मग तो अध्यक्ष का असेना. पूर्वी कोणीतरी ताटी सरकवून रात्रीतून खाली जाळं लावायचं, त्यावरून डोकी फुटली होती, तेव्हा हा नियम झाला. ताटीवरचा पालापाचोळा मात्र काढायचा. मोठा पाऊस आला की दोघं-दोघं आळीपाळीनं सलंगावर उभे राहतात आणि हातानं कचरा ओढतात.

मी स्क्रीनवरच्या सलंगातही एक ताटी लावली. मला तर सलंग ताटीशिवाय डोळ्यासमोर येतच नाही.

९ जुलै

आज पहिल्यांदा अख्खा तलाव बेक केला. खुशालभाऊंच्या मशीनला दुपार गेली. पंखा असा ओरडत होता की त्यांनी पत्ते सोडून दोनदा येऊन बघितलं.

पाणी उत्तरेकडून आलं, तलाव भरला, छान वाटत होतं. मग ते सलंगातून गेलंच नाही. ताटीला टेकलं आणि वर चढत राहिलं. शेवटी मोठी आईच्या घरामागच्या त्या खाचेतून बाहेर पडलं, आणि थेट तिच्या अंगणात. एकदा वाट सापडल्यावर बाकी सगळं पाणी तिकडेच धावलं. मोहल्ला दिसेनासा झाला.

मला इतकी लाज वाटली की खुशालभाऊ येण्याआधी खिडकी बंद केली. शंभर वर्षं पाणी सलंगातून जातंय आणि माझ्या मॉडेलमध्ये लोकांच्या घरात. पुन्हा बुटकं दारच की हे. फोरमवर चित्र टाकलं आणि लिहिलं, माझं पाणी चुकीच्या जागी जातंय, मदत करा.

१० जुलै

पाणमांजराचं उत्तर आलं. त्यानं विचारलं होतं, बाजूच्या त्या मोकळ्या जागेत एक उभी भिंत दिसते, ती कशाला? मी सांगितलं, ती भिंत नाही, बांबूची चटई आहे, मासे अडवायला, तिला फटी असतात. त्यावर तो म्हणाला, मग झालं तर. या सॉफ्टवेअरला तुझ्या फटी दिसत नाहीत, त्याला ती सलग भिंत वाटते. पाणी जर खरोखर तिच्यातून जात असेल तर ती काढून टाक.

काढली. एक बटण. पुन्हा बेक केलं. पाणी कसं झुळझुळ सलंगावरून खाली, तिथून नाल्यात, नाल्यातून धानाच्या बांध्यांत. मोहल्ला कोरडा. मी खुर्चीत बसूनच टाळी वाजवली. खुशालभाऊ म्हणाले, "पाणी पाजलं वाट्टे कंप्युटरले."

परत येताना एसटीत जागा नव्हती, उभी आले, तरी पाय दुखले नाहीत.

१८ जुलै

सलग पाऊस. तलाव निम्म्याच्या वर गेला.

मोठी आईकडे जेवले. तिच्या परसातली जमीन कायम ओली आहे, पाळीच्या बुडातून पाणी पाझरतं. वांगी अशी आलीत की वाकून पडलीत. ती खूश, विहिरीवर जावं लागत नाही. मोहल्ल्यातल्या बायका पाळीतून खेकडे उकरतात, त्या बिळांतूनच थोडं झिरपतं, असं ती म्हणाली. आज पाझर मातीच्या रंगाचा होता. परवापर्यंत नितळ होता, मी त्यात पाय धुतले होते.

तिच्या एका सवयीवरून मोहल्ला तिला हसतो. पाऊस दोन दिवसांवर गेला की ती एका जुन्या लुगड्यात भांडी, तांदूळ, देव आणि माझा शाळेतला फोटो बांधते आणि टेकाडावरच्या शाळेत जाऊन झोपते. लहानपणी तिनं एकदा पाळीवरून पाणी येताना पाहिलं होतं म्हणे. कधी, किती, कुठे, काही धड सांगता येत नाही. आजही गाठोडं बांधलेलं होतं. मी म्हटलं, "मोठी आई, पाणी कुठून जाते ते म्या पाह्यलं हाये. तुले दाखवतो एक दिवस."

"तू पाह्यलं?" तिनं विचारलं.

"हो. अख्ख्या पावसाळ्याचं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

२७ जुलै

आज दाखवलं. रविवार होता. खुशालभाऊंनी सीडी करून दिली होती आणि शाळेत टीव्ही, सीडी प्लेयर लावला. लाइट गेले नाहीत, हेच नवल. अख्खा मोहल्ला ओसरीवर. आपली घरं ओळखून लोक हसत होते. "हे पाह्य, पत्रूभाऊचं घर. हागणदारीई दाखोली काय वो?" बाबा मागे भिंतीला टेकून उभे होते. प्रत्येक येणाऱ्याला पुढे बसायला जागा करून देत होते.

तलाव भरायला लागला तशी मोठी आई उठून उभी राहिली. पाणी पाळीच्या काठापर्यंत आलं, तेव्हा तिनं माझा दंड धरला. मग पाणी सलंगाकडे वळलं आणि नाल्यात गेलं. मोहल्ला जसाच्या तसा.

"बस?" ती म्हणाली.

"बस. कितीबी पाऊस येऊ दे. तुह्या घराकडे येतच नाई."

बापूजी म्हणाले, "भागीरथाबाई, पोरगी नागपूरले शिकून राह्यली. आता तं सोड तुहं गाठोडं." सगळे हसले, तीही हसली. बापूजींनी सीडी पुन्हा लावायला सांगितली आणि मग बाबांना म्हणाले, "पत्रू, पाणी कसं सरळ जाते पाह्य. रोवणीच्या दिसात सलंगावर माणसं उभी कराची काई गरज नाई. रोवणी पडली हाये सगळ्याइची." बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

घरी जाताना मोठी आईनं माझ्या डोक्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. मला आज रडू येतंय, आनंदाचंच. असा दिवस माझ्या वाट्याला याआधी आला नव्हता.

३ ऑगस्ट

सगळा मोहल्ला रोवणीवर. आईच्या पायांना चिखल्या झाल्यात.

सलंगाकडून आले. पाणी ताटीपर्यंत पोचलंय. माझी हिरवी जाळी काळपट दिसते, तिला शेवाळ आलंय. सागाची पानं, बेशरमच्या फांद्या येऊन चिकटल्यात. खाली नाल्यात पाणी फार नाही, माझ्या सिनेमात यापेक्षा खूप जास्त पडतं. मी पाणी जरा जास्त दाखवलं की काय? सरांना विचारायला हवं.

एक फांदी काढायला हात घातला. पण लांबून कोणी बघितलं तर ताटी सोडते असं वाटेल, म्हणून सोडून दिली. बाबांच्या वाट्याचा प्रश्न.

८ ऑगस्ट

सरांचा फोन, गुणवंतरावांच्या किराणा दुकानात. गावात तोच एक धड फोन. पोस्टानं पाठवलेली सीडी बघितली म्हणाले, आवडली, पण पाणी 'गुळगुळीत' वाटतं. बारकावे हवेत. ताटी असते म्हणतेस तर ती दाखव, तिच्या फटीतून पाणी जाताना दिसलं पाहिजे, तोच तुझ्या गावचा खास भाग. बरोबर आहे. उद्या मूलला जाते.

मोठी आईनं डबा दिला, वांग्याची भाजी. तिच्या परसात चिखल झालाय, चप्पल रुतली. पाळीच्या बुडाशी पाण्याची बारीक उकळी फुटल्यासारखी दिसते. ती त्याच्यावर पाटा ठेवून आली. रात्रभर पाऊस होता तरी ती घरीच झोपली होती. म्हणाली, "किती दिसांनी पोटभर झोपली."

१० ऑगस्ट, मूल

काल आल्यापासून पाऊस थांबलेला नाही. काल दुपारीच एसटीवाले म्हणाले, नाल्यावरचा पूल पाण्याखाली, गाडी जाणार नाही. खुशालभाऊ घरी घेऊन गेले. त्यांच्या बायकोचं नाव गुलाब. तिनं मला कोरडी साडी दिली आणि काही विचारलं नाही. बरं वाटलं.

आज ताटी नव्यानं केली, बांबूची एकेक कामटी वेगळी. फटीतून पाणी जातं. मग वाटलं, खरं तर फटी उघड्या नाहीत, त्यावर आपली जाळी आहे, दुहेरी. तीही दाखवली पाहिजे. पण इतकी बारीक भोकं कशी करायची? पाणमांजराला विचारलंय.

घराची आठवण येतेय. फोन दोनदा लावला, लागत नाही.

११ ऑगस्ट, मूल

सकाळी कॅफे उघडताच बसले. उत्तर आलेलं होतं. ते जसं होतं तसं लिहून ठेवते.

त्यानं विचारलं होतं, जाळी किती बारीक? तिच्यावर पानं, शेवाळ, कचरा बसतो का? बसत असेल आणि कोणी काढत नसेल, तर भोकं करायचा त्रास घेऊ नकोस. तेव्हा ती भिंतच असते. तू जुलैमध्ये काढून टाकलीस ना, ती भिंत. तीच ठेव.

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग नऊ जुलैची फाइल उघडली, जी लाजेनं बंद केली होती. पाणी ताटीला टेकलं. वर चढलं. खाचेतून बाहेर पडलं. मोठी आईचं अंगण.

खुशालभाऊ काहीतरी विचारत होते. मी रस्त्यापलीकडच्या एसटीडी बूथमध्ये पळाले. गुणवंतरावांचा फोन लागेना, लागेना, मग लागला.

"काका, डिंपल बोलतो. सलंगावर कोणी हाये काय?"

"या पावसात कोण जाते वो? सगळे घरात."

"पाणी कुठपर्यंत आलं?"

"पाळीच्या काठाले लागलं म्हंते. पण सलंगातून जाईनच ना आता. तूच तं दाखोलं."

"काका, ते चुकीचं हाये. म्या चुकीचं दाखोलं. मोहल्ल्यातल्या सगळ्याइले शाळेत न्या. आन बाबाले सांगा, ताटी काढा. आत्ता. जाळी कापून टाका."

"ताटी? पत्रूचा वाटा जाईन ना. बापूजीले विचारतो पह्यले."

"नका विचारू. मोठी आई कुठी हाये?"

"घरीच. सकाळीच म्या म्हटलं, भागीरथाबाई, औंदा शाळेत नाई गेली? तं म्हंते, कायले जाऊ, पोरीनं मले दाखोलं ना, इकडं पाणी येतच नाई."

मी ओरडून सांगितलं, ओढून काढा तिला, माझं नाव सांगा. हो हो म्हणाले. लाइन गेली. नंतर लागली नाही.

आता दुपार झाली. खुशालभाऊ मोटरसायकल घेऊन पुलापर्यंत गेलेत. मी इथे बसून हे लिहितेय, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नाही. समोर स्क्रीनवर ती फाइल चालू आहे. शेवटपर्यंत गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मला ती बंद करता येत नाही.

२१ ऑगस्ट, मोहटोला

बाबांनी ताटी काढली. गुणवंतरावांनी बापूजींना विचारलं नाही, आधी बाबांकडे आले. बाबा विळा घेऊन सलंगात छातीएवढ्या पाण्यात उतरले आणि जाळी कापली. पाण्यानं त्यांना नाल्यात फेकलं, एका मोहाच्या झाडाला अडकून वाचले. त्याच वेळी खाच गेली. आधी खालून पाळ बसली, मग वरून पाणी. बापूजींनी नि पोरांनी माणसं बाहेर काढली, म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं. तेवीस घरं गेली. माणूस एक.

तिच्या दारात गुणवंतराव नि बापूजी सगळ्यात आधी गेले होते. तिनं त्यांनाच समजावलं. म्हणाली, "तुमी बाकीच्याइले पाह्या. माह्या घराकडं येत नाई. डिंपलनं सांगतलं मले." गुणवंतराव सांगत होते की डिंपलनंच फोन केला, डिंपलच म्हणते निघा. तिला ते पटलं नाही. तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. फोनवर काय, कोणीही काही बोलतं.

दोन दिवसांनी ती खालच्या बांध्यात सापडली, नव्या रोवलेल्या धानात. तिचं गाठोड्याचं लुगडं बेशरमच्या झुडपाला अडकलं होतं. त्याला गाठ मारलेली नव्हती.

मोहल्ला शाळेत राहतोय. मला कोणी काही बोलत नाही. बायका मलाच पहिल्यांदा चहा देतात, फोन केलास म्हणून वाचलो म्हणतात. एखादीनं तरी शिवी द्यावी असं वाटतं. बाबांना काल म्हटलं, जाळी मीच आणली, सिनेमा मीच दाखवला, पहाऱ्याचं विचारलं तेव्हा मान मीच हलवली. बाबा हाताच्या जखमेवर हळद लावत होते. म्हणाले, "जाळी म्या सांगतली. ताटी म्या बांधली. तुह्या एकटीच्या हातची गोष्ट नोयती वो." मग जखमेवर फडकं बांधत म्हणाले, "पण तिनं तुहं आयकलं. माहं तं कधी नाई आयकलं."

७ सप्टेंबर

सरांनी निरोप पाठवला की ज्यूरी पुढे ढकलून देतो, झालेलं सगळं ऐकलं, पण प्रोजेक्ट सोडू नकोस, पाणी अगदी खरं वाटतं.

मूलला गेले. खुशालभाऊंनी कोपऱ्यातलं मशीन चालू करून दिलं. फाइल उघडली. ताटी परत लावली, होती तिथेच, सलग. मोठी आईचं घर आणि परस तसंच ठेवलं.

फोरमवर पाणमांजराचा निरोप पडला होता, दोन आठवड्यांपूर्वीचा. तुझा प्रोजेक्ट कुठपर्यंत आला? शेवटी तुझं पाणी नीट वागायला लागलं का?

मी लिहिलं, पाणी पहिल्याच दिवशी नीट वागत होतं. मी त्याला चुकीचं ठरवलं.

पाठवलं, आणि शेवटची एसटी चुकू नये म्हणून निघाले.